रिकामी न ठेवलेली ओळ

नंबरताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं क्लिनिकमध्ये आता कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या तिथली रेकॉर्ड रूम सांभाळत होत्या. मूल होत नसलेली जोडपी तिथे येत, आणि गरज पडली तर परक्या पुरुषाने दान केलेल्या वीर्यावर त्यांचं घर भरे. त्या पुरुषाचं नाव राखाडी कपाटात, किल्ली डॉक्टरांकडे. त्याचा नंबर हिरव्या कपाटातल्या रजिस्टरात, किल्ली नंबरताईंच्या कमरेला. नाव आणि नंबर एका टेबलावर येऊ द्यायचे नाहीत, हा तिथला दंडक. ताईंच्या तो इतका हाडीमासी खिळला होता, की घरच्या डब्यांवरही त्यांनी आकडे चिकटवले होते.

"चहात साखर घालायची तर आधी रजिस्टर काढावं लागतं," नवरा म्हणायचा. "बरं, या घरात माझा नंबर कितवा?"

"तुम्ही एकटेच आहात. एकट्याला कशाला हवाय नंबर?"

त्या सकाळी एक मुलगी अर्ज घेऊन आली. सव्वीस वर्षांची, बसड्रायव्हर. काचेबाहेरच्या बाकावर तिचा भाऊ बसला होता, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघांच्या आया वेगळ्या, पण दोघींच्या कार्डांवर दात्याचा नंबर एकच, एकशे बारा. चार वर्षांपूर्वी दोघांच्या संमतीने क्लिनिकनेच त्यांची गाठ घालून दिली होती. ते पत्र ताईंनीच टाइप केलं होतं.

आणि गेल्या वर्षीचं दुसरं पत्रही त्यांनीच. एकशे बारा नंबरच्या दात्याने स्वतःहून कळवलं होतं, की आपली नजर गेली आहे. आजार रक्तातून येतो, मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी, चाळिशीच्या आत दिसायला लागतो. तेव्हा मुलांना सांगा, नाव मात्र गुप्त ठेवा.

"पत्र आलं आणि मी स्टिअरिंग सोडलं, मावशी," मुलगी म्हणाली. "मागे पन्नास माणसं बसलेली असतात. आता डेपोत पास देते. लोक विचारतात, ड्रायव्हरबाई, कुणाला ठोकलंत का? तपासणीत काही सापडत नाही, पण डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, दात्यात नेमका कुठला दोष आहे ते कळल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. नाव नको मला. फक्त तो दोष सांगा."

"नियमाने मिळतं ते. दात्याने कागद दिलाय," ताई म्हणाल्या. "जन्मतारीख बोल."

मुलीने मार्चमधली तारीख सांगितली. ताईंनी हिरवं कपाट उघडलं. कॉम्प्युटरवर सगळं होतं, आधीची दोन्ही पत्रं त्यावरूनच डॉक्टरांच्या सहीने गेली होती; पण मूळ पान बघितल्याशिवाय स्वतःची सही करायची ताईंना सवय नव्हती.

एकशे बाराच्या ओळीवर कागदाची पट्टी डकवलेली होती. वर त्यांचंच वळणदार अक्षर. दाता दाखल झाल्याची तारीख, त्या मार्चच्या आधीच्या सप्टेंबरातली.

ताईंनी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. सप्टेंबरात पहिल्यांदा पायरी चढलेला माणूस मार्चमध्ये जन्मलेल्या मुलीचा बाप कसा होईल?

पान उजेडासमोर धरताच पट्टीखालची अक्षरं दिसली. त्याच वर्षीच्या जानेवारीत दाखल. ऑगस्टमध्ये संमती मागे, उरलेले नमुने नष्ट. मग सगळं आठवलं. मध्येच रद्द झालेली ओळ त्यांना पडलेल्या दातासारखी खुपायची. रजिस्टर भरगच्च, सलग दिसावं म्हणून पुढच्या माणसाला त्यांनी तोच नंबर देऊन टाकला होता. पहिल्याचे नमुने ऑगस्टपर्यंत वापरले गेले, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रजिस्टर छातीशी धरून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. ऐकता ऐकता डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, तुम्ही? अहो, मी शपथेवर सांगितलं असतं, की तुमच्या हातून..." त्यांनी उठून दार लोटलं. मग आवाज खाली आला. "पहिल्या माणसाने संमती काढून घेतलीय. त्याच्याबद्दल एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. आधी वकिलांशी बोलू. तिला महिन्याने बोलवा."

"त्याच्याबद्दल कुठे सांगतेय? मी माझ्याबद्दल सांगतेय. नंबर मी दिलाय. आणि महिनाभर ती काय करेल? पास देत बसेल?"

ताई परत आल्या, रजिस्टर मुलीसमोर मिटूनच ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. एका नंबरावर दोन माणसं चढली. चूक माझी. आजार दुसऱ्याला. तू जन्मलीस त्याचा हिशेब पहिल्याशी जुळतो.

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... माझे डोळे?"

"त्या पत्रातला आजार तुझा नाही."

ती हसली, आणि हसतानाच तिने काचेबाहेर पाहिलं. "तो माझ्यानंतर दोन वर्षांनी जन्मला."

"हो."

"म्हणजे तो दुसऱ्याचा." ती मटकन खुर्चीत बसली. "मावशी, पत्र आलं त्या दिवशी आम्ही एकमेकांना धरून रडलो होतो हो. मला भाऊ नव्हता कधी. तुम्हीच दिलात."

ताईंनी मिटलेलं रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून भाऊच आत आला. काचेतून त्याला बहिणीचं फक्त हसू दिसलं होतं.

"काय गं? काय म्हणाल्या? हसत होतीस ना? नाहीये ना तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"सुटलो!" त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. "अगं, तुला नाही म्हणजे मलाही नाही! एकाच नंबरचे ना आपण? चल, आज तू बस चालवायची आणि मी पहिल्या सीटवर बसून सगळ्यांना सांगणार, माझी बहीण आहे!"

मुलीने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट पकडला आणि ताईंकडे पाहिलं.

ताईंनी दार लावून घेतलं. एकतीस वर्षांत आलेल्या कुणालाही त्यांनी आपली खुर्ची दिली नव्हती. ती त्यांनी ओढून पुढे केली.

"बाळा, बस इथे," त्या म्हणाल्या. "तुझी जन्मतारीख सांग."