कंट्रोलर अण्णांचा दुसरा फळा

कंट्रोलर अण्णांना कोणतीही गोष्ट तीन ओळींपेक्षा लांब सांगता येत नसे. विषय निवडणुकीचा असो, कुणाच्या आजारपणाचा असो की भावकीतल्या तंट्याचा, तिसरं वाक्य संपलं की ते थांबत. ऐकणाऱ्याला वाटे, अजून काही येणार आहे. काही येत नसे. एस.टी.त कंट्रोलर म्हणून बरीच वर्षं त्यांनी स्थानकावरच्या काचेच्या खोलीत माईकपुढे काढली होती. गाडी कुठली, फलाट कुठला, उशीर किती, एवढ्यात जगातलं सगळं मावतं असं त्यांचं मत झालं होतं. 'चंदगड गाडी घाटात बंद आहे. दुसरी निघाली आहे. प्रवाशांनी तोवर चहा घ्यावा.' यातलं शेवटचं वाक्य नियमात बसत नव्हतं. साहेबांनी समज दिली. कँटीनवाला मात्र अण्णांकडून चहाचे पैसे घेत नसे.

निवृत्तीनंतर माईक सुटला आणि अण्णांनी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतला मंडळाचा फळा ताब्यात घेतला. तो दूध केंद्राशेजारच्या भिंतीवर टांगलेला असे. वर्षभरात त्यावर गणपतीच्या वर्गणीपलीकडे फारसं काही लिहिलं जात नसे. अण्णांनी तो रोजचा केला. सकाळी अंघोळ करून, ओलं फडकं खांद्यावर टाकून ते यायचे, फळा पुसायचे आणि तीन ओळी लिहायचे. पहिली बातमी, दुसरी सूचना, तिसरी टोला. 'आज पहाटे वीज गेली होती. आज पाणी उशिरा येईल. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी शेजाऱ्यांकडे बघून हसू नये.' गल्लीत कुणी वारलं असेल त्या दिवशी टोला नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

फळ्यावर तारीख नसे. रोज पुसल्या जाणाऱ्या फळ्याला 'आज' एवढं पुरे होतं. मी तेव्हा एका दैनिकाच्या संपादकीय विभागात होतो आणि तारखेशिवाय मजकूर म्हणजे आम्हाला अपराध वाटे. तसं सुचवल्यावर अण्णा म्हणाले, "तुमचा पेपर रद्दीत ऱ्हातो, म्हणून त्याला तारीख लागती. माझा फळा पुसला की काल संपला."

फळा चुकायचाही. एकदा त्यांनी पहिल्या ओळीत 'आज पाटील यांचे दुःखद निधन' असं लिहिलं. गल्लीत पाटलांची तीन घरं. दुधाची पिशवी घ्यायला आलेल्या मधल्या पाटलांनी स्वतःच ते वाचलं आणि तिथूनच हाक मारली, "अण्णा, मी गेलो असलो तर दूध एकच घेतो!" अण्णा फडकं घेऊन धावले. 'कोपऱ्यावरचे' हा शब्द घातला आणि मधल्या पाटलांना चहा पाजला. तासाभरात चूक फळ्यावरूनही गेली आणि गल्लीच्या डोक्यातूनही. किमान अण्णांना तसं वाटलं.

दुसरा फळा पुतणीनं आणला. गौरी अण्णांकडेच वाढली. मोठ्या भावाच्या पश्चात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकींनी, तिला शिकवलं. छोट्या छोट्या पोस्ट लिहायच्या, त्या सगळ्या जगाला दिसायच्या, असं एक ॲप तिनं त्यांच्या फोनवर उघडून दिलं. तेव्हा पुढारी, नट, क्रिकेटपटू सगळेच तिथं दोन-दोन ओळी लिहू लागले होते, आणि आमच्या कार्यालयात त्या ओळींवरून बातम्या होऊ लागल्या होत्या. गौरीनं बजावलं की इथं अक्षरांची मर्यादा आहे. अण्णांनी मर्यादा बघितली आणि हबकले.

"एवढं लांब? वाचतंय कोण एवढं?"

पहिले काही दिवस ते फळ्यावरच्याच ओळी फोनवर उतरवत. लोकांच्या पसंतीची लाल खूण त्यांना पत्त्यातल्या बदामासारखी वाटायची. "ह्या ओळीला बदाम जास्त पडल्यात," असं ते काकींना सांगत. काकी म्हणत, "मग पिसा आणि वाटा." आपली पोस्ट दुसऱ्यानं पुढं पाठवणं मात्र त्यांना फारसं पटलं नव्हतं. "म्हंजे माझा फळा उचलून ह्यो त्याच्या गल्लीत टांगतो. इचारायचं तरी!"

उपयोग लवकरच दिसला. गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनी फुटली होती आणि फळ्यावर ती अनेक दिवस गाजत होती. अण्णांनी त्या कारंज्याचा फोटो टाकून लिहिलं, 'राजारामपुरीत नवीन पर्यटनस्थळ. प्रवेश मोफत. पोहता येणाऱ्यांनीच यावे.' संबंधित खात्याचं नाव गौरीनं खाली जोडलं. दुपारी माणसं आली, खड्डा खणला गेला, संध्याकाळी पाणी थांबलं. एकदा शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. त्यांच्या एका ओळीवर अनोळखी पोरं दवाखान्यात रांगेत उभी राहिली. त्या संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "माईकवर बोललेलं फलाटाभायेर जात नव्हतं गा."

तोटेही आले. नाव नसलेली, कुत्र्याचा फोटो लावलेली एक व्यक्ती त्यांना रोज अक्कल शिकवू लागली. अण्णांनी तिला घरी चहाला बोलावलं. ती आली नाही. त्यांनी परत बोलावलं, पत्त्यासकट. गौरीनं कपाळावर हात मारून पत्ता काढून टाकला. "भांडायचं तर समोर बसून भांडावं की," अण्णांचा युक्तिवाद होता. "कुत्र्याच्या फोटोसंगं काय भांडायचं?"

याहून मोठी गोष्ट म्हणजे बदामांची चटक. बातमीपेक्षा टोल्याला बदाम जास्त पडतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दिवसाला एक टोला होता, त्याचे चार-पाच झाले. ज्या देशांची नावं त्यांनी पूर्वी कधी घेतली नव्हती त्यांच्या कारभारावर ते मत देऊ लागले. सकाळचा फळा मात्र घाईत उरकला जाई. काकी दूध केंद्रावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आदी गल्लीला टोलं हाणायचे. आता अमेरिकेला हाणत्यात. आणि घरात दळण कुणी आणायचं, त्ये एका ओळीत सांगा म्हणावं."

त्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली आणि अण्णा पुन्हा पूर्वीचे झाले. टोले बंद. राजाराम बंधाऱ्याची पातळी, कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत लोकांची सोय केली आहे, एवढंच. खात्री केल्याशिवाय ओळ नाही. जुन्या ओळखीतल्या चालक-वाहकांना फोन करून ते रस्त्यांची माहिती घेत. आम्ही पेपरवाले त्यांच्या ओळी बघून मग आपले फोन फिरवत होतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं त्या सकाळी त्यांनी लिहिलं: 'आज शिरोलीजवळ रस्त्यावर पाणी. जयसिंगपूर, सांगलीकडून कुणीही कोल्हापूरला येऊ नये. घरी बसा, भजी खा.' ही त्यांची सगळ्यात जास्त पसरलेली ओळ. टोला त्यात नकळत शिरला असावा.

पाणी ओसरलं. रस्ते धुऊन निघाले. पुढच्या आठवड्यात गौरीचा साखरपुडा होता, आणि मुलाकडची मंडळी जयसिंगपूरची होती.

त्या दिवशी पहाटे पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. गल्लीतल्या छोट्या हॉलमध्ये मांडव सजला होता. पुऱ्या लाटल्या जात होत्या. पाहुण्यांची वेळ टळली तरी कुणी येईना, म्हणून अण्णांनी मुलाच्या मामांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. तेवढंच चुकलं.

"पावणं, कुठवर आलासा?"

"आलोय कुठलं! हातकणंगल्यातनं माघारी फिरलोय."

"का वो?"

"तुमीच लिवलंय की. जयसिंगपूरकडनं कुणी येऊ नये. आत्ता आमच्या घरच्या ग्रुपवर आलंय, खाली तुमचंच नाव हाय."

"अवो, त्ये गेल्या आठवड्यातलं! पूर हुता तवाचं!"

"मग 'आज' कशाला लिवलंय?"

मामा तापत चालले होते. "आणि भजी खा म्हणजे काय वो? पोरगी द्यायची नसंल तर तोंडावर सांगायचं. साऱ्या जगाला वाचायला कशाला द्यायचं?"

फोन बंद झाला. हॉलमध्ये पुरी तळल्याचा आवाज तेवढा उरला. गौरी साडी नेसून तयार बसली होती. अण्णांनी रस्ता मोकळा असल्याचा कुणाकडून तरी मागवलेला फोटो मामांना पाठवला. उत्तर आलं, 'फोटो कधीचा, देव जाणे.' नवीन पोस्ट लिहिली, 'आज रस्ता चालू'. त्याखाली कुणीतरी विचारलं, 'आज म्हणजे कधी?' आयुष्यभर ज्यांच्या घोषणेवर माणसं पिशव्या उचलून फलाट बदलत आली, त्यांच्या शब्दावर जयसिंगपूरची एक गाडी वळायला तयार नव्हती.

मग अण्णा उठले, दूध केंद्राशेजारी गेले आणि भिंतीवरचा फळा काढला. तो त्या खिळ्यावरून उतरलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. स्कूटरवर मागे गौरी बसली, भरजरी साडीत, फळा पोटाशी धरून. मी माझ्या गाडीवर मागोमाग गेलो, सवयीनंच.

शिरोलीच्या पुलाजवळ रस्ता कोरडा होता. अण्णांनी फळा कठड्याला टेकवला आणि खडू काढला. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला.

"काय आंदोलन हाय काय?"

"साखरपुडा हाय," अण्णा न वळता म्हणाले.

पोलिसानं साडीतल्या गौरीकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि गाड्या थोड्या लांबून सोडायला सुरुवात केली. अण्णांनी पहिल्यांदाच फळ्यावर तारीख घातली. तिच्यापुढे वेळ. खाली लिहिलं: 'शिरोली पूल, रस्ता कोरडा. नवरी स्वतः उभी आहे. भजी नाहीत, पूर्ण जेवण आहे.' फळ्याच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला गौरी. मागे नदी, आपल्या जागेवर. फोटो मी काढला. गौरीनं तो तिथूनच अण्णांच्या नावानं टाकला आणि मामांनाही पाठवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग फोन वाजला. मामांचा आवाज उतरला होता. "अण्णा, पोरीला उन्हात कशाला उभी केलासा? फिरवलीय गाडी. पोचतोय."

पाहुणे थेट पुलावरच थांबले. मामा उतरले, फळा वाचला आणि म्हणाले, "ह्यो आता लग्नापतूर पुसायचा न्हाय." साखरपुडा उशिरा झाला, पण झाला. पुऱ्या गार झाल्या होत्या. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. पोलिसाचं ताट काकींनी डब्यातून पाठवलं.

संध्याकाळी अण्णा गौरीला म्हणाले, "ती भज्याची ओळ पुसून टाक."

"पुसते, पण उपयोग नाही, अण्णा. लोकांनी त्याचा फोटो काढून ठेवलाय. तो कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल."

"म्हंजे फडकं माझ्याकडं, आणि फळा सगळ्यांच्या घरात?"

"हो."

"मग पुसू नको. खाली लिव, कवाचं हाय त्ये."

त्यानंतर त्यांच्या प्रत्येक ओळीआधी तारीख आणि वेळ येऊ लागली, अगदी घरातसुद्धा. काकींना ते म्हणत, "मंगळवार, सकाळ. दळण आणलंय." 'आज' हा शब्द त्यांनी दोन्ही फळ्यांवरून काढून टाकला. अमेरिकाही सुटली. कुत्र्याच्या फोटोवाल्यानं 'घाबरलात काय?' असं विचारलं, तेव्हा त्यांनी तारीख-वेळ घालून लिहिलं, 'नाही. दूध आणायला चाललो आहे.' आमच्या कार्यालयात मी वेबसाइटच्या बातम्यांतला प्रत्येक 'आज' काढून तिथं वार आणि तारीख घालू लागलो. नवीन मुलं कारण विचारत. मी पुलावरचा फोटो दाखवत असे.

अण्णा गेले ते गेल्या वर्षी. गौरी जयसिंगपूरहून आली ती थेट फळ्यापाशी थांबली. तिनं तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावासह. कुणालाही दुसऱ्या घरी जावं लागू नये म्हणून. टोला नव्हता. फोनवरच्या खात्यावरही तिनं तेच लिहिलं. खाली शेकडो लोकांनी हात जोडले. कुत्र्याच्या फोटोवाल्यानंही जोडले आणि लिहिलं, 'चहाला यायला हवं होतं.'

दुसऱ्या दिवशी फळा कुणी पुसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मंडळाची पोरं खडू घेऊन यायची, उभी राहायची आणि परत जायची. दहाव्यानंतर एके सकाळी काकी ओलं फडकं घेऊन आल्या. मधले पाटील पुढे होऊन म्हणाले, "काकी, राहू दे की अजून थोडे दिवस."

काकींनी वरपासून खालपर्यंत फळा पुसला, फडकं पिळलं आणि खडू पाटलांच्या हातात दिला.

"उद्या पाणी न्हाय. त्ये कोण लिवणार? तारीख घाला."