काकूंचा हंडा रांगेत होता

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते. सुमनकाकूंच्या मुलाचा, प्रकाशचा फोन. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाला, आणि मागून कुणीतरी त्याला सही करायला बोलावत होतं ते ऐकू आलं. पाइप नेमका माझ्या पुढच्या बाईच्या हंड्यात पडला होता, मागच्या बायका ‘सरका, सरका’ करत होत्या. मी सरकले. हंडा भरला, कळशी भरली, आणि कुणाला तरी सांगायला हवं हे भान आलं ते सगळं भरून झाल्यावर. आता सव्वा महिना होतोय, पण त्या बातमीनंतर मी निमूटपणे पाणी भरत राहिले हे मनातून जात नाही. दुसरं काय करणार होते म्हणा... टँकर कुणासाठी थांबत नाही.

आमच्या इमारतींना बीडमध्ये अजून ‘गिरणीच्या खोल्या’ म्हणतात. एका सहकारी सूतगिरणीने कामगारांसाठी बांधलेल्या, तीन मजल्यांच्या तीन इमारती. गिरणी बंद पडून जमाना झाला. संचालक गेले, कामगार पांगले, फाटकावरच्या पाटीची अक्षरंसुद्धा उडाली, पण खोल्या राहिल्या, आणि भाडं इतकं कमी की आमच्यासारखी शिक्षक मंडळी, कंपाउंडर, हमाल, ऊसतोड सोडून शहरात काम शोधणारी जोडपी इथंच येऊन टेकतात. गिलावा पडतो, जिन्याचा कठडा हलतो, नळ तर नावालाच. वर्षभर राहू नि मग बघू, म्हणून आम्ही नवरा-बायको इथं आलो, ते नऊ वर्षं बघतोच आहोत.

सामान उतरवत होतो त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "मास्तरीणबाई, नळाच्या भरोशावर आला असाल तर टेम्पो तसाच माघारी फिरवा!" मी शिकवते हे हिला कुणी सांगितलं, असा राग आला होता मला. त्या सुमनकाकू. नवरा गिरणीत फिटर, त्या स्वतः सुताच्या लडी गुंडाळायच्या रीलिंग खात्यात. यंत्रांच्या खडखडाटात एकमेकींना ओरडून बोलायची सवय लागलेली, ती गिरणी बंद पडली तरी सुटली नाही. वर कांदा चिरताना स्वतःशी बोलल्या तरी खाली आम्हाला कळायचं आज पिठलं आहे की कालवण. मी वह्या तपासायला बसले की त्यांचा आवाज सुरू व्हायचा, आणि मी किती वेळा वैतागून खिडकी लावून घेतली असेल त्याला गणतीच नाही. पण मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे आमच्या घरी पेज आणि भाकरी वरूनच उतरत होती, आणि वर ‘खा बाई, काडी झालीस’ हे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं.

टँकर दिवसाआड येतो, आणि त्याची रांग लावायची आमच्याकडे एक रीत आहे. आदल्या संध्याकाळी हंडे खाली नेऊन ओळीत ठेवायचे. प्रत्येक हंड्यावर नाव घातलेलं, त्यामुळे माणसाने तिथं उभं राहायची गरज नाही. मागच्या एका दुष्काळात कुणीतरी एका बाळंतिणीचा हंडा रांगेतून लाथाडला आणि पुढे घुसलं, तेव्हा काकू खाली उतरल्या आणि सगळ्या बायकांना दरडावून सांगितलं, "हंडा रांगेत हाय म्हंजी माणूस रांगेत हाय. ज्याचं त्याला जमंना, त्याचा मागच्यानं भरायचा आन् दारात नेऊन ठिवायचा." तेव्हापासून हे चालत आलं. पुढे काकूंचेच गुडघे गेले, ओझं घेऊन जिना होईना, तेव्हा त्यांचा हंडा आमच्या वाट्याला आला. मी किंवा त्यांच्या समोरच्या खोलीतली अलका, कुणीही भरून न्यायचो. त्यात उपकार कुणाला वाटत नव्हते.

प्रकाश चाकणला कंपनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आईला न्यायलाच आला होता. मला आणि अलकाला वर बोलावलं, आम्ही तरी समजावून सांगू या आशेने. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान हलवत होत्या. तो म्हणाला, आई, पडलीबिडलीस तर? त्यावर त्या म्हणाल्या, "तिथं मला कोण वळखतं रे? हितं माझ्या हंड्याला बी वळखत्यात." तो हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मोठ्या शहाणपणाने, म्हटलं की प्रकाश, तू बिनघोर जा, आम्ही आहोत. दिवसाआड दाराशी माणूस येतंय, अजून काय पाहिजे... माझ्या शब्दावर तो आईला ठेवून गेला. हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येण्यासारखं नाही.

काकूंचं माहेर लिंबागणेशचं. चतुर्थीला त्या गणपतीला जायच्या आणि भावाकडे दोन दिवस राहून यायच्या, गुडघे गेल्यावरही रिक्षा करून. या खेपेला चतुर्थी सोमवारी होती. मंगळवारी सकाळी टँकर आला. मी माझं भरलं, मग काकूंचा हंडा भरून तिसरा मजला चढले. दार वाजवलं, "काकू, पाणी ठेवलंय," म्हणून आवाज दिला. काही उत्तर नाही. मला वाटलं, गेल्या लिंबागणेशला. खाली रस्त्यावर माझी नेकनूरची बस हॉर्न देत होती, ती चुकली की शाळेत पहिला तास बुडतो. हंडा उंबऱ्याशी ठेवला आणि धावले. काकू गावाला गेल्या की कडीला कुलूप असतं. त्या दिवशी ते होतं की नव्हतं, हे मी पाहिलंच नाही.

दुपारी अलकाने दारात भरलेला हंडा पाहिला. तिलाही वाटलं काकू गावाला गेल्यात. उघड्या पाण्यात मांजर तोंड घालील म्हणून तिने ते आपल्या पिंपात ओतून ठेवलं, काकू आल्या की देऊ म्हणून, आणि त्यांची पाळी चुकू नये म्हणून रिकामा हंडा बुधवारी संध्याकाळी रांगेत लावला. बिचारीने चांगलंच केलं. पण शाळेतून येताना मी तो हंडा रांगेत पाहिला आणि म्हटलं, आल्या वाटतं काकू. इतकंच नाही, घरात शिरताना असंही मनात आलं की आज वर शांत आहे, बरं झालं, पेपर तपासून होतील. तीस वर्षं जिचा आवाज इमारतीत कुणी बंद करू शकलं नाही, ती बाई दोन दिवस गप्प आहे, आणि मला बरं वाटलं.

गुरुवारी पुन्हा हंडा घेऊन वर गेले तेव्हा कडी मोकळी दिसली. कुलूप नाही, आणि दार आतून बंद. अलकाच्या नवऱ्याने खांद्याने दार तोडलं. काकू मोरी आणि पलंगाच्या मधे फरशीवर पडलेल्या. खुबा मोडला होता. माठ चार हातांवर होता, तिथपर्यंत त्यांना सरकता आलं नव्हतं. डोळे उघडे होते. अलकाने चमच्याने पाणी घातलं ते ओठांवरून ओघळून गेलं... मी नुसती उभी होते. माझ्या कमरेवर अजून तो भरलेला हंडा होता.

दवाखान्यात त्या आठ दिवस होत्या. प्रकाश रात्रंदिवस बसून होता, कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी तो औषधं आणायला खाली गेला आणि मी एकटी त्यांच्याजवळ होते. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तो गिरणीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता, कान तोंडाशी न्यावा लागला. "मंगळवारी तू हाक मारलीस," म्हणाल्या. "म्या वो दिली. लई डाव दिली." मी रडायला लागले तसं त्यांनीच माझं मनगट थोपटलं. "जाऊ दे. बस व्हती तुझी." रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या मला समजून घेत होत्या, त्याचं मी काय करू?

तेराव्यानंतर प्रकाश खोली रिकामी करायला आला. भांडी बांधून झाली होती, पलंग अलकाला दिला होता, तोडलेल्या दाराला त्याने स्वतः नवी कडी ठोकून दिली, कारण खोली पुढच्या भाडेकरूला द्यायची तर दार धड हवं. मग मोकळ्या खोलीत उभा राहून त्याने आम्हा दोघींना हात जोडले. म्हणाला, "ताई, तुमी होत्या म्हणून माझ्या आईला पाण्याला कधी ताटकळावं लागलं न्हाई." अलका तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी तिथंच राहिले. सांगायची वेळ हीच आहे, हे मला कळत होतं. पण तो जोडलेले हात खाली घेईना, आणि मी मान डोलावली.

तो टेम्पोत बसून गेला. खोलीत आता एक नवीन जोडपं आलंय, त्यांचाही हंडा रांगेत असतो. मी पाणी घेऊन गेले की आतून ओ येईपर्यंत दारातून हलत नाही. त्या मुलीला ते विचित्र वाटत असणार. प्रकाश वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतो, त्यानेच एकदा सांगितलं होतं. म्हणून लिहिते आहे, कारण तोंडाने मला हे कधीच जमणार नाही. प्रकाश, मंगळवारी तुझी आई जिवंत होती, आतून ओ देत होती, आणि मी जिना उतरत होते.