गोठ्याच्या आधी म्हैस

काल शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की अख्खा वर्ग मागं वळून बघायला लागला... पण ओरडण्यासारखंच होतं हो!

लग्नात सुटलेलं शिक्षण चाळिशीत पुन्हा धरलंय. पेठ वडगावहून एसटीनं येऊन जावा प्रोग्रॅमिंग शिकतेय. वर्गात सगळी माझ्या लेकीच्या वयाची पोरं, मला काकी म्हणतात.

काल प्रॅक्टिकल होतं... प्रोग्रॅम चालला तर पुढची बॅच, नाहीतर हीच पुन्हा. आणि 'आज चालला नाही तर क्लास सोडला' असं मीच सकाळी धार काढताना तावातावानं जाहीर करून आले होते.

बाकीच्यांनी विद्यार्थ्यांची लिस्ट केली, मी आमच्या म्हशींची. एकेक म्हैस म्हणजे एकेक ऑब्जेक्ट, आणि सगळ्या ठेवायच्या लिस्टचं नाव गोठा. चंद्री, सगुणा, मंगी... सगळ्या घातल्या, रन केलं आणि स्क्रीन लालभडक!

लिस्टमधली पहिली म्हैस काढायला get म्हणायचं असतं, मी आधी शिकलेल्या अ‍ॅरेच्या सवयीनं चौकोनी कंस टाकलेला. म्हशी किती ते विचारायला size हवं, मी length लिहिलेलं. हे माझं मीच सुधारलं, जरा कॉलर ताठ झाली... तोवर नवीनच एरर उगवली, चंद्रीला लिस्टमध्ये घालायच्या ओळीवर.

सेमीकोलन बघितला, कंस बघितले, ओळ पुसून परत टाइप केली. आता घरी काय तोंड दाखवू, असं झालं. सर मागनं जाता जाता एवढंच म्हणाले, "काकी, एरर वाचा की. चावत न्हाय ती."

वाचली. लिस्टचं नाव सांगितलंय, पण लिस्ट तयारच केलेली नाही, असं सांगत होती बिचारी... आणि मला एकदम आमचे मामंजी, म्हणजे सासरे आठवले! गोठा बांधायच्या आधीच बाजारातनं म्हैस घेऊन आलेले. गोठ्याची जागा तेवढी दाखवली आणि म्हैस बांधली घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर. तिनं माझी वाळत घातलेली नवी साडी निम्मी चघळली होती.

अगं बाई, मीही तेच केलेलं की! नुसतं नाव सांगून मोकळी. new म्हणून गोठा बांधलाच नव्हता.

new लिहिलं, रन केलं... आणि स्क्रीनवर ओळीनं चंद्री, सगुणा, मंगी! "आली की गं माझी मंगी!" हीच ती आरोळी. पोरांनी बाकं बडवली, सरांनी तिथल्या तिथं पुढच्या बॅचला माझं नाव घातलं.

संध्याकाळी मामंजींना सगळं सांगितलं. प्रोग्रॅम काही त्यांना कळला नाही, पण चूक बरोब्बर कळली. मिशीत हसत म्हणाले, "या टायमाला साडी तरी वाचली न्हवं?"

वाचली मामंजी... आणि माझा क्लासपण. तुमच्या त्या घाईचे लई उपकार!