मोहाचे तीन गुलगुले

चहा घ्या अगोदर. मी काय करून बसलो ते ऐकलं, तर मग तो घशाखाली उतरणार नाही.

मागच्या रविवारी रामदासपेठेत खाद्यमहोत्सव भरला होता. मी आणि बायको, सुनंदा, गेलो. माझं आधीच ठरलं होतं, जे कधी खाल्लं नाही तेच खायचं. पहिल्याच स्टॉलवर नागालँडची मिरचीची चटणी. स्टॉलवरची पोरगी म्हणाली, "अंकल, थोडासा लेना. बहुत तीखा है."

आता नागपूरच्या माणसाले कोणी असं सांगते का? "बेटा, हम सावजी खानेवाले लोग हैं," असं म्हणून मी चमचाभर तोंडात टाकली.

काय सांगू तुम्हाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, फक्त प्यायचं पाणी कुठं दिसेना. सुनंदा बाटली आणाले धावली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर, पानाच्या द्रोणात, तीन गुलगुले दिसले. गोड असतील, एवढंच डोक्यात आलं. तिन्ही गिळले.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

मागे एक बाई उभी होती. ते टेबल होतं पाककला स्पर्धेचं. गुलगुले मोहाच्या फुलांचे, आणि परीक्षक तीन.

"सासूबाईंनी शिकवले होते," ती म्हणाली. "कोराडीहून बसनं आणले, मांडीवर डबा ठेवून." रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या द्रोणाकडं पाहत राहिली.

परीक्षक आले. त्यातले मोठे साहेब भले माणूस. सारं ऐकून म्हणाले, "असू द्या ताई. संध्याकाळपर्यंत दुसरे करून आणा, शेवटी चाखू."

तिचा चेहरा खुलला. इथं मी गप्प राहाले पाहिजे होतं की नाही? पण मनाले इतकं लागलं होतं, की मी मधात तोंड घातलंच.

"साहेब, कशाले थांबता? मी खाल्ले ना. असे गुलगुले साऱ्या विदर्भात मिळणार नाही. नंबर यांनाच द्या."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"घरचाच समजा," मी म्हटलं.

"अच्छा. घरच्यांनीच खायचं, वरून घरच्यांनीच शिफारस करायची?" त्यांनी तिचं नाव खोडलं आणि पुढं गेले. मी मागं मागं धावलो, हात जोडले. कोण ऐकते?

परत आलो तर ती डबा पिशवीत भरत होती. सुनंदा पाण्याची बाटली घेऊन बाजूले उभी. तिले सारं समजलं होतं, माझ्याकडं पाहतही नव्हती.

"जाऊ द्या काका," ती बाई म्हणाली. "पण खरं सांगा, कशे झाले होते? घरी सासूबाई विचारतील."

गोड होते की खारट, देवाले माहीत. माझी जीभ तर त्या मिरचीनं केव्हाचीच मेली होती.

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

ती इतकी खुश झाली, की येत्या रविवारी आम्हाले घरी जेवाले बोलावलं. सासूबाई स्वतः गुलगुले करणार आहेत म्हणे, खास माझ्यासाठी.

आता तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडानं जाऊ?