दुमडीतला निळा धागा

एका शाळेच्या मैदानात, प्रार्थना संपल्यावर, मी मुलांना रांगेत थांबवलं आणि त्यांच्या पँटच्या खालच्या दुमडी उलटवून पाहायला लावल्या. ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. बहुतेक कागदावर दुरुस्त करता आल्या, ही आली नाही. म्हणून आधी चूक सांगितली, आता गुन्हा सांगतो.

तेव्हा मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत कारखाने, कंपन्यांच्या बस आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. ठाण्यात रोज येणार ते मोबाईल चोरी, दुचाकी चोरी, भंगाराची भांडणं. त्यात एका कंपनीने गोदामातून कापडाचे तागे गायब झाल्याची फिर्याद दिली. ही कंपनी दरवर्षी प्रत्येक कामगाराला कामावरच्या कपड्यांच्या दोन जोडांचं राखाडी कापड द्यायची. कापड खास विणून घेतलेलं, किनारीला एक बारीक निळा धागा. ओळख पटवायला तेवढा धागा पुरेसा होता.

त्याच वर्षी तिथल्या एका खाजगी शाळेने गणवेशाचा रंग बदलला. गडद निळा होता, तो राखाडी केला. थोरल्याची पँट धाकट्याला घालायची सोय एका परिपत्रकाने संपली. गणवेश, ट्रॅकसूट, हाऊसचा रंगीत टी-शर्ट, पांढरे बूट, अगदी मोजेसुद्धा एकाच दुकानातून घ्यायचे. ते दुकान पिंपळे सौदागरला. शिफ्ट बुडवून तिथे जायचं आणि दुकानदार सांगेल त्या भावाला घेऊन यायचं.

तागे चोरीला गेल्याची बातमी तोवर बाजारात पसरली होती. खबर आणली ती त्याच दुकानदाराने. माझ्या टेबलावर त्याने लहान मुलाची एक पँट ठेवली आणि खालची दुमड उलटी केली. आत निळा धागा होता.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण त्या खोल्यांमध्ये कोणीतरी चोरीच्या कापडाचे ड्रेस शिवतंय. निम्मी शाळा माझ्याकडे फिरकलीच नाही यंदा."

मी त्याला चहा पाजला. निम्मी शाळा का फिरकली नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. इकडे तागे गायब, तिकडे धागा सापडला. दोन टोकं जुळली की पोलिसाचं डोकं पुढे चालत नाही, नुसते पाय चालतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. संस्थाचालक इतक्या उत्साहाने तयार झाले की तेव्हाच मला शंका यायला हवी होती. महिला शिपाई एकेका मुलासमोर बसून दुमड उलटवत होती. निळा धागा दिसला की मूल बाजूला. चौथीतल्या एका मुलीने दोन्ही मुठींत पँट घट्ट धरली.

"मॅडम, उसवू नका ना! ती पुढच्या वर्षी लांब करायची आहे. मम्मी मारेल मला."

रांगेतली मुलं हसली. मीही हसलो. मग मी तिला गोड बोलून विचारलं, पँट कोणी शिवली. ती म्हणाली, "शिलाईवाल्या मावशींनी." तासाभरात आम्ही मावशीच्या खोलीत होतो.

परभणीकडून आलेली बाई. नवरा ठेकेदाराकडे हेल्पर, ही घरी शिवणकाम करणारी. खोलीत एक मशीन आणि राखाडी कापडाच्या घड्या. पंचनामा केला, मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणलं. नोटीस दिली आणि महिला अंमलदारासमोर चौकशी सुरू केली.

"कापड कुठून आलं?"

"लोकायनं आणून दिलं."

"कोणत्या लोकांनी?"

"ज्यायला लेकरं हायेत त्यायनं."

"नावं सांगा."

"नावं न्हाई सांगत."

"बाई, चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लागेल तुमच्यावर."

"लावा. शिवलंय म्या, ते कबूल. चोरलं न्हाई. आन् सायेब, पोरायच्या पँटी उलट्या करून चोर धुंडतेत का कुठं? कामून केलंत तसं?"

मी टेबलावर हात आपटला. ती हललीसुद्धा नाही. सराईत चोर नावं विचारली की दुसऱ्या कोणाला तरी पुढे करतो, किंवा रडतो. ही बाई रडत नव्हती आणि बोट दाखवायला तिच्याकडे शत्रूच नव्हता. सलग दोन दिवस मी तिला बोलावलं. दोन्ही दिवस ती वेळेवर आली, बाकावर ताठ बसली आणि तेच उत्तर देऊन गेली. माझ्या लेखी तो उर्मटपणा होता.

गाठ सोडवली ती आमच्या हवालदाराने. तो तिथल्याच एका गावचा, घरची शेती कंपन्यांच्या शेडखाली गेलेली. डबा खाताना म्हणाला, "सायेब, एक इचारू का? चोरीचं कापड शोधताय, पर ज्यांना वाटून दिलं त्यांचं कापड कुठं हाय, ते आपन बघितलंच न्हाई. गेटवर चला, शिफ्ट सुटताना."

साध्या कपड्यात गेलो. पहिली शिफ्ट सुटली आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. नवं कापड वाटून चार महिने झाले होते, तरी दर दुसऱ्या माणसाच्या अंगावर विटलेलं, गुडघ्यावर रफू केलेलं जुनं राखाडी. हवालदाराने त्यातल्या एका ओळखीच्याला अडवलं.

"काय राव, कंपनीनं यंदा कापड दिलं न्हाई व्हय?"

"दिलं की."

"मंग कुठं हाय?"

तो माणूस थकलेला, पण हसला. "भाऊ, माझं कापड तिसरीत शिकतंय. परवापर्यंत पास होत होतं, आता पोलिसांनी नापास केलंय."

मी कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. हवालदाराने खाली पाहिलं.

नंतर सगळं उलगडलं. कामगारांनी स्वतःच्या वाट्याचं नवं कापड मावशीला नेऊन दिलं होतं आणि आणखी एक वर्ष जुन्यावर काढायचं ठरवलं होतं. रंग योगायोगाने जुळला, तो त्यांना लाभ वाटला. पण कंपनीचा नियम असा की ते कापड कामावरच वापरायचं, बाहेर दिलं तर कारवाई. ठेकेदाराकडच्या माणसाला कारवाई म्हणजे उद्यापासून गेटवर येऊ नकोस. मावशीने नावं घेतली असती तर ती त्याच दिवशी सुटली असती आणि तेवढ्या घरांतली चूल विझली असती. तिने स्वतःवर गुन्हा घेतला, नाव घेतलं नाही.

आणि गोदामातले तागे? ते चोरीला गेलेच नव्हते. पुरवठादाराने माल कमी पाठवला होता आणि गोदामातल्या माणसाने न मोजता सही केली होती. जबाबात त्याने ते मान्य केलं. हे पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं. मी आधी शाळेत गेलो, कारण मुलांना रांगेत उभं करणं सोपं असतं.

कंपनीचा अधिकारी ठाण्यात आला. "चोरी नसेल तर नसू द्या, पण कापड बाहेर देणाऱ्यांची यादी आम्हाला हवी."

"यादी नाही," मी म्हणालो.

"तुमच्या तपासात नावं आली असतील ना?"

"आली नाहीत. आणि माझ्या ठाण्यातून ती येणारही नाहीत."

त्याने वरून फोन करवला. वरिष्ठांनी विचारलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. गैरसमजातून फिर्याद, चोरी घडलेली नाही, असा अहवाल न्यायालयात पाठवला. त्या अहवालात एकाही कामगाराचं नाव नाही. आज निवृत्तीनंतर मला कोणी जाब विचारला तरी उत्तर तेच राहील. घाम गाळून मिळवलेलं कापड बापाने स्वतः घालायचं की लेकराला घालायचं, हे ठरवायला त्याला कोणाची सही लागू नये.

मशीन परत द्यायला मी स्वतः गेलो. दारातच म्हणालो, "ताई, चूक झाली माझ्याकडून. माफ करा."

तिने मशीनचं चाक फिरवून पाहिलं, पट्टा तपासला. मग म्हणाली, "मला काय माफी मागता सायेब? मी मोठी बाई हाय, तुमच्याशी भांडले. लेकरं कुणाशी भांडतील? मैदानात हुभं केलं व्हतं त्यायला. मागायची तर तिथं मागा."

मी मान हलवली आणि निघालो. खरं सांगायचं तर टाळलं. अंगावर खाकी असताना मुलांची माफी मागायची कल्पनाच मला झेपत नव्हती. ठाण्यात काम भरपूर होतं, कारण शोधावं लागलं नाही.

दरम्यान आम्ही बाजूला काढलेल्या मुलांच्या घरी शाळेने निरोप पाठवला होता, की दुकानातूनच घ्या. काहींनी उसने पैसे काढून गणवेश घेतला. ट्रॅकसूट मात्र पुष्कळांना जमला नाही.

हिवाळ्यात शाळेचं क्रीडासंमेलन आलं आणि रिवाजाप्रमाणे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणं आलं. त्याच मैदानात मंडप. ट्रॅकसूट घातलेली मुलं संचलनात. ज्यांच्याकडे ट्रॅकसूट नव्हता ती दोरीपलीकडे, बसून टाळ्या वाजवत. पँट घट्ट धरणारी ती मुलगी तिथेच होती. मी दिसताच तिने पाय स्कर्टखाली घ्यावेत तसे अंगाखाली ओढून घेतले. पँटची दुमड झाकली गेली.

या खात्याने मला गुन्हेगाराच्या डोळ्याला डोळा भिडवायला शिकवलं. ज्याने काहीच केलं नाही, त्याच्यासमोर कसं उभं राहायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. ते मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आणि त्या मुलीच्या आखडलेल्या पायांनी शिकवलं. गणवेश सगळी मुलं सारखी दिसावीत म्हणून असतो. तो विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना दोरीपलीकडे बसवणार असेल, तर त्याला गणवेश म्हणू नये.

माझ्या हातात खेळाचं महत्त्व सांगणारं भाषण होतं. ते घडी करून खिशात टाकलं. माईक घेऊन मी व्यासपीठावरून उतरलो. मागून संस्थाचालक "साहेब, इकडून बोला, इकडून" म्हणत राहिले. दोरीजवळ जाऊन मी टोपी काढली.

"बाळांनो, मी तुम्हाला याच मैदानात सगळ्यांसमोर वेगळं काढलं होतं. त्या दिवशी कोणी चोरी केली नव्हती. तुम्ही नाही, तुमच्या आईवडिलांनी नाही, शिवणाऱ्या मावशींनीही नाही. तुमच्या अंगावरचं कापड कष्टाचं होतं. ते मी ओळखलं नाही, वर हसलो. चूक पोलिसांची होती. माझी होती. मला माफ करा."