बारीक कामाची हत्यारं

त्या विमानाचे एकूण अठ्ठावन्न तुकडे होते. त्यातला पहिला तुकडा नीट सुटा व्हायला मला तीन आठवडे लागले. यात विमानाचा काही दोष नव्हता. आधी माझा होता आणि नंतर माझ्या वडिलांचा.

मी गोंदियात एका शाळेत विज्ञान शिकवते. घर मुर्रीला, शहराला लागून, मागच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरंपोरी छोटी विमानं उडवतात, ती आमच्या शाळेवरून घिरट्या घालत जातात. वर्गातली मुलं फळा सोडून खिडकीकडे बघतात. मी त्यांना रागावते, पण बघते मीही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तसल्याच एका दोन आसनी विमानाचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. प्लॅस्टिकच्या चौकटीला सगळे तुकडे जोडलेले असतात. ते कापून काढायचे, घासायचे, चिकटवायचे, मग रंगवायचे. नवऱ्याची नोकरी बालाघाटला, मुलगी शिकायला नागपूरला, आणि शाळेतून आल्यावर संध्याकाळ रिकामी. सोबत 'चोवीस नगांचा संपूर्ण संच' अशी हत्यारांची पेटीही मागवली. त्यात कटर, चिमटे, कानशी, चाकू, ब्रश, सगळं होतं. चित्रात फार देखणी दिसत होती.

बाबा तेव्हा दोन वर्षांपासून माझ्याकडे राहत होते. केशोरीला त्यांनी चाळीस-एक वर्षं सुतारकाम केलं. दारं, खिडक्या, नांगर, बैलबंड्या. आई गेली आणि त्यानंतर महिन्याभरात त्यांनी काम बंद केलं. 'गुडघे गेले' म्हणाले. येताना कपड्यांची एक पिशवी आणि हत्यारांची एक लाकडी पेटी, एवढंच घेऊन आले. माझ्याकडे त्या पेटीचा काही उपयोग नव्हता, तरी ती त्यांच्या खाटेखाली असायची.

पार्सल आलं तेव्हा ते ओसरीत बसले होते.

"काय हाये वो हे?"

"मॉडेल बनवायची हत्यारं."

हत्यार म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी पेटी दिली. एकेक वस्तू उचलायची, अंगठ्याच्या पोटाने तिची कड चाचपायची आणि डाव्या हाताला ठेवायची, असं त्यांचं चाललं. उजव्या हाताला काहीच जाईना. चोवीसच्या चोवीस डावीकडे गेल्यावर ते म्हणाले, "हत्यार नाई होय हे. खेळनं हाये."

मी दुर्लक्ष केलं. त्याच संध्याकाळी कटर घेऊन पहिला तुकडा कापायला बसले. कटरने तो कापला नाही, चावला. कापल्या जागी पांढरा ओरखडा उठला आणि पंखाची कड चेपली. बाबा चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आवाज आयकला का? कटलं नाई ते. तुटलं."

तिथून माझी सत्ता गेली. हत्यारं जागेवर आल्याशिवाय तुकड्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या पेटीतून धार लावायचा दगड निघाला. मी शाळेतून यायची, चहा घ्यायची, तासभर काम करावं म्हणून टेबलाशी जायची, तर टेबलावर तेल सांडलेलं, खाली जुनी बनियान अंथरलेली आणि माझा चाकू बाबांच्या हातात.

"द्या ना बाबा आता."

"थांब. धार लागून राहिली."

"काल लागली होती की."

"काल एका बाजूनं लागली."

असं पंधरा दिवस चाललं. एका बोटभर चाकूच्या पात्यासाठी पंधरा दिवस. शेवटी चाकू खरोखरच असा झाला की कागद नुसता टेकवला तरी फाटायचा, हे कबूल करायला हवं. पण कटर काही सुधारेना. चिमट्याची टोकं एकमेकांना भेटतच नव्हती. मग बाबा म्हणाले, "चल, दुकानात जाऊ. मी पायतो."

गोंदियाच्या बाजारात सोनारांची हत्यारं विकणारं एक लहानसं दुकान आहे. तिथे बारीक कामाचं सगळं मिळतं, हे बाबांनाच ठाऊक होतं. रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. दुकानदाराने चिमटे काढून दिले. चिमटा घ्यायचा, स्वतःच्या मनगटावरचा एक केस त्यात धरायचा आणि ओढायचा, ही बाबांची परीक्षा. केस सुटला की चिमटा नापास. अकरा चिमटे झाले. मनगट लाल झालं. माझ्यामागे तीन माणसं येऊन उभी राहिली.

"चाचा, मेरे को बाकी ग्राहक भी देखना है," दुकानदार म्हणाला.

"हाव, देखो ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी बारावा उचलला.

मग कटर, मग कानशी. एका कानशीवरून बोट फिरवून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"याच्यावर नंबर काय लिवला हाये, वाच."

"तुम्हाला आकडे वाचता येतात ना?"

"वाच म्हनलं तर वाच."

मी वाचला, आणि चांगला चिडून वाचला. माझं तोंड लांब झालेलं दुकानदारालाही कळलं असावं, कारण त्याने मला बसायला स्टूल दिलं.

ब्रशांच्या दुकानात तर मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बाबांनी कोरा ब्रश जिभेवर ओला केला आणि खालच्या ओठावर टेकवून डोळे मिटले. काउंटरवरची बाई माझ्याकडे बघायला लागली. "घेणार आहोत," मी म्हटलं. पाच ब्रश त्यांनी असे ओठाला लावले. त्यातले दोन पसंत केले, एक सपाट आणि एक अगदी बारीक टोकाचा. नापसंत तीन ब्रशांचे पैसेही मी मुकाट्याने दिले आणि ते पर्समध्ये टाकले.

घरी आल्यावर मात्र काम सरकलं. नवा कटर तुकड्याला लागून सपाट बसायचा आणि टच असा बारीक आवाज करून तो सुटा करायचा. उरलेला कणभर उंचवटा चाकूने काढायचा, वर कानस, वर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. चिमट्याने मुगाच्या डाळीएवढा तुकडा उचलून जागेवर ठेवता येऊ लागला. प्रत्येक तुकडा झाला की बाबा हात पुढे करायचे. अंगठा फिरवायचे. "अजून खरखर हाये." किंवा नुसतंच "हं." त्या 'हं'साठी मी एकेक तुकडा तीन-तीनदा घासला. पन्नाशीची मास्तरीण मी, आठवीतल्या मुलीसारखी पास-नापास व्हायची. राग यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायची, याचा आणखी राग यायचा.

फेब्रुवारीत विमान जोडून झालं आणि रंगाला सुरुवात झाली. आधी राखाडी प्रायमर, मग पांढऱ्याचे पातळ हात, मधे नीट वाळू द्यायचं. बाबा म्हणायचे, रंग दुधासारखा पातळ कर. ते बरोबरच होतं. पण पहिला पांढरा हात देऊन मी आंघोळीला गेले आणि येऊन बघते तर पंखावर अंगठ्याचा ठसा. तो घासून काढला, पुन्हा रंगवलं. आठवड्याने शेपटीवर ठसा. मी स्पष्ट सांगितलं, "ओल्याला हात लावू नका." बाबा "हो" म्हणाले. तरी विमान मी कपाटावर ठेवायला लागले.

मग तो रविवार. विमानाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक लाल पट्टा ओढायचा होता. चिकटपट्टी लावून, श्वास धरून, टोकदार ब्रशने मी दोन तास तो पट्टा ओढला. आयुष्यात इतकी सरळ रेघ मी कधी ओढली नव्हती. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. गॅस बंद करून बाहेर आले तर बाबा टेबलाशी उभे, आणि त्यांचा अंगठा बरोबर त्या लाल पट्ट्यावर. अंगठा उचलून त्यांनी तो पांढऱ्या धोतराला पुसला. धोतरावर लाल डाग पडला आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा, ओला आहे तो," मी म्हटलं. आवाज चढलाच होता. "किती वेळा सांगायचं? समोर ओला लाल रंग आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

आपण म्हणतो तसंच मी ते म्हटलं होतं. बाबा टेबलाची कड धरून उभे राहिले.

"नाई दिसत," ते म्हणाले.

"काय नाही दिसत?"

"लाल हाये का पांढरा, ते नाई दिसत. तू उजेडात बसली का आकार दिसते. तोंड नाई दिसत."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"कधीपासून?"

"तुझी माय होती तवापासून. तिले मालूम होतं. टेप वाचाचं काम तिचं, कापाचं माझं. गिऱ्हाइकाले पत्ता नाई लागला." टेबलावरची चिकटपट्टी चाचपत म्हणाले, "मंग ते गेली."

"आणि गुडघे?"

"गुडघे बी दुखतेत."

अशा वेळी मुलीने वडिलांचा हात हातात घ्यावा. मी नाही घेतला. मला इतका संताप आला होता की उठून न्हाणीघरात जाऊन ब्रश धूत बसले, धुतलेलेच ब्रश पुन्हा धुतले. त्यांनी सांगितलं नाही याचा संताप होता. आईने, जिने मला प्रत्येक फोनवर घरातल्या मांजराची तब्येतसुद्धा सांगितली, तिने हे सांगितलं नाही याचा होता. आणि मी दरवर्षी फळ्यावर डोळ्याची आकृती काढते, भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात असं तोंडपाठ सांगते, मुलांकडून वहीत लिहून घेते. त्या दोन वर्षांत माझ्याच घरात एक माणूस भाजी कोणती आहे हे वास घेऊन ओळखत होता आणि मी त्याला म्हणत होते, बाबा, वास काय घेता, जेवा.

दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही विचारलं नाही, मला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मी काय सांगणार? त्यांच्याकडून चाकूला धार लावून घेत होते?

ऑपरेशनला बाबा तयार होईनात. "आता मले कोनतं बारीक काम कराचं हाये?" हेच एक पालुपद. समजावून झालं, रागावून झालं. नवऱ्याने बालाघाटहून फोनवर समजावलं, तर त्याला "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला "नाई" म्हणाले. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे, नका करू. पण मग मी काय बनवलं ते तुम्ही कधी बघितलंच नाही, असं होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच धोतर-सदरा घालून ओसरीत तयार बसले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला. घरी आल्यावर त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. "केस पिकले वो तुझे," म्हणाले. मी पटकन विमान आणून त्यांच्या हातात दिलं. पट्टा मी पुन्हा ओढला होता. त्यांनी ते डोळ्यांच्या रेषेत धरलं, लांब केलं, जवळ आणलं. मी 'हं'ची वाट बघत उभी होते.

"उजवा पंख खाली हाये," ते म्हणाले.

मी घेऊन पाहिलं. होता. तांदळाच्या दाण्याएवढा, पण होता.

"जोडला तेव्हा तुम्ही रोज हात लावून बघत होतात. तेव्हा नाही कळलं?"

"हातानं एकच बाजू कळते. दोन बाजू डोळ्यानंच जुळवा लागतेत."

आता तो पंख सुटणार नाही, पक्का चिकटला आहे. विमान टीव्हीशेजारी ठेवलंय आणि येता-जाता मला फक्त तो उजवा पंख दिसतो. आधी दिसत नव्हता.

बाबांनी दरम्यान स्वतःचं काम काढलं. सागाच्या एका फळीच्या तुकड्यातून वीतभर लांबीची बैलबंडी. जू, वर बसायचा साटा, चाकं, सगळं खऱ्यासारखं. काम बंडीचं पण हत्यारं माझी. चिमटा मागितला तर म्हणतात, आता धरून राहिलो चाकाचा आरा, हलवू नको. चाकू मागितला तर म्हणतात, तुझ्या हातानं धार जाते. माझं दुसरं मॉडेल येऊन पडलंय, खोकं अजून फोडलेलं नाही, कारण फोडून करणार काय? परवा मी म्हटलं, आपण तुमच्यासाठी वेगळा संच घेऊ. ते म्हणाले, घे, पण तो तू वापर.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली. आधी चाकाचे आरे बसायचे होते, मग चाकावर लोखंडी पट्टीची धाव चढवायची होती. आज सकाळी तिसऱ्यांदा मी दवाखान्यात फोन केला. तिकडच्या मुलीने विचारलं, "पेशंटची तब्येत ठीक नाही का? कारण काय लिहू?"

"घरगुती अडचण लिहा," मी म्हटलं.

फोन ठेवून ओसरीत आले तर बाबांनी माझा टोकदार ब्रश जवसाच्या तेलात बुडवून चाकाला तेल द्यायला घेतलं होतं.