मोईनभाई आणि शेवटचा रकाना

मोईनभाई गेल्याचं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, शबानानं, नांदेडहून फोन करून कळवलं. “ताई, भाई गेले... सकाळी चहा पिऊन राहिले होते, तिथंच आडवे झाले,” एवढंच तिनं सांगितलं. मी उमरीत बँकेच्या रांगेत उभी होते. मागचा माणूस “चला ना मॅडम पुढं” म्हणाला आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की सगळी बँक बघायला लागली. त्याला काही आठवडे झाले, पण माझा राग उतरलेला नाही. शोकसभेत जो तो म्हणत होता, मोईनभाई शांत होते, मनमिळाऊ होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्यांनी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही त्यांनी त्यांना पाहिलंच नाही, असं मी स्पष्ट सांगते.

लातूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही एकत्र होतो. दवाखान्यांच्या, शाळांच्या वेबसाइट बनवायचो. मी नवी होते, ते माझे वरिष्ठ. फॉर्म तपासताना मी सगळ्यांसारखंच रकान्यांत ‘एबीसी’, ‘टेस्ट’ असं काहीबाही टाकत होते. मोईनभाई मागे येऊन उभे राहिले. “हा एबीसी कोण हाय? कोणत्या गावचा?” मला हसू आलं, ते मात्र हसले नाहीत. त्यांच्या हाताखाली फॉर्म तपासायचा तर खऱ्या माणसाचं खरं वाक्य लिहावं लागे... अर्धापूरच्या आजीला जिना चढवत नाही, तिला खालीच तपासा, असं काहीतरी. मग बटण दाबायचं आणि कंट्रोलरपर्यंत काय पोचलं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. कंट्रोलर म्हणजे फॉर्ममधला मजकूर आपल्या हातात घेणारा प्रोग्रामचा भाग. ज्या तयार सांगाड्यावर आम्ही वेबसाइट उभ्या करायचो त्या फ्रेमवर्कमध्ये ज्या रकान्यांची नावं सांगून ठेवली तेवढेच तो घ्यायचा, बाकीचं गुपचूप टाकून द्यायचा. ना आवाज, ना चुकीची सूचना. “माणूस लिहितो, बटण दाबतो, त्याला वाटतं पोचलं,” मोईनभाई म्हणायचे. “न्हाई पोचलं तर ती आपली लबाडी हाय.”

एका खासगी दवाखान्याच्या, पेशंटनी मोबाईलवरून नंबर लावायच्या वेबसाइटचं काम आमच्याकडे होतं. फॉर्मच्या तळाशी शेवटचा रकाना होता, ‘डॉक्टरांना आणखी काही सांगायचे आहे?’ एके दिवशी तिथून फोन आला, एक बाई आरडाओरडा करते आहे म्हणून. मोईनभाईंनी त्या बाईंनाच फोन द्यायला लावला. बाई निलंग्याहून आईला घेऊन आल्या होत्या. त्या आईची नेहमीची औषधं आणायला गेल्या तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. आईला ऐकूच येत नाही, ती बाकावर बसून राहिली आणि तिच्यापुढे गैरहजर अशी खूण पडली; संध्याकाळ झाली तरी पुन्हा नंबर लागला नव्हता. “मी लिवलं होतं की मोबाईलवर! आईला ऐकू येत न्हाई, हात धरून न्या म्हणून लिवलं होतं!” बाईंचा आवाज आम्हाला टेबलापलीकडे ऐकू येत होता. मोईनभाईंनी कंट्रोलर उघडला. शेवटच्या रकान्याचं नाव त्यात नव्हतंच. पूर्वी होतं, मग कुणीतरी मुद्दाम काढलं होतं. त्यांनी ते तिथल्या तिथे परत घातलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गायब. मोईनभाई थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले, मागोमाग मीही. मालक शांतपणे म्हणाले, “अहो, ते वाचायला माणूस लागतो. दवाखान्याला परवडत न्हाई.”

“मग पानावरून रकाना काढा.”

“असू द्या की. लोकांना लिहून बरं वाटतं.”

मोईनभाईंचा आवाज असा चढला की खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन काय झालं म्हणून विचारलं. “बरं वाटतं? ती म्हातारी दिवसभर उपाशी बसली, तिला बरं वाटलं का विचारा!” त्यांनी त्याच दिवशी नोकरी सोडली, नांदेडला परतले आणि घराच्या पुढच्या खोलीत मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागले. पुढे मीही तिथून निघाले. शोकसभेत हेच मालक माईक घेऊन बोलले, मोईन फार हळवा होता म्हणून. हळवा! तुमच्या लबाडीवर बोट ठेवलं म्हणून हळवा?

आणि आता कंपनीनं वेबसाइटवर त्यांच्या नावानं श्रद्धांजलीचं पान काढलंय. हसरा फोटो, खाली लिहिणाऱ्याचं नाव अन् मोबाईल नंबर यांचे रकाने, आणि तळाशी ‘आपल्या आठवणी लिहा, त्या इथे दिसतील’. मी एक अख्खी दुपार घालवून लिहिलं. पडद्यावर आलं, ‘धन्यवाद, आपल्या भावना पोहोचल्या.’ पण पानावर काहीच दिसेना. आमच्या जुन्या ओळखीच्यांना विचारलं, तर त्यांनीही लिहिलेलं, त्यांचंही नाही. शेवटी तिथे अजून काम करणाऱ्या संगीताला फोन केला. ती आवाज बारीक करून म्हणाली, “ताई, कंट्रोलर नाव अन् मोबाईल नंबर तेवढाच घेतो. सर म्हणले, नंबर जाहिरातीला कामाला येतात, मजकूर कशाला ठेवायचा...”

शबाना रोज ते पान उघडते. परवा फोनवर म्हणाली, “ताई, भाईंनी एवढ्या लोकांना शिकवलं, कुणालाच दोन ओळी लिहाव्या वाटल्या न्हाईत का?” मी “मग बोलते” म्हणून फोन ठेवला. म्हणून हे इथे, छापील कागदावर लिहिते आहे. शबाना, लिहिलं गं. सगळ्यांनी लिहिलं होतं.